भट्टीचा कोरा कोपरा

चि. धाकटीस, दादाचे पोटभर आशीर्वाद.

जावईबापूंची कंबर वाकते का? (वाकली तर परत सरळ होते का, तेही कळव.) सासूबाईंना नवा चष्मा मानवला का? भाचीचा खोकला गेला का? आणि तुझं काय? दर पत्रात नुसतं ‘मी बरी आहे’ लिहितेस. तेवढं दारावरच्या पाटीवरही मावतं.

आपल्या कौलांच्या कारखान्यामागची पडकी भट्टी आठवते ना, जिच्यात आपण मातीची खेळणी भाजायचो? ती हजारेक वर्षांची असावी म्हणे. नक्की वय काढायला एक संशोधक बाई येणार होत्या. पाहुणीला ओलसर, कोंदट भट्टी काय दाखवायची, म्हणून मी आदल्या दिवशी ती झाडून घेतली आणि चांगली वाळलेली लाकडं घालून दिवसभर पेटवली. (जन्मभर भट्ट्या लावलेला माणूस मी, हात आखडता कसा घेऊ?) तोंडाकडच्या भिंती लालबुंद झाल्या. सकाळी बाईंनी कौतुकानं भिंतीवर हात ठेवला, तर ती अजून कोमट. बाई मटकन खालीच बसल्या.

मग त्यांनी समजावलं. माती लाल होईपर्यंत तापून निवली की तिच्यातले लोखंडाचे बारीक कण त्या दिवशीच्या उत्तरेकडे तोंड करून बसतात, ते पुन्हा तितकी तापेपर्यंत हलत नाहीत. आणि होकायंत्राची उत्तर काही एका जागी राहत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू सरकते. म्हणून कण कुठे बघतात ते मोजलं की शेवटचा जाळ कधीचा ते कळतं. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “आजोबा, हजार वर्षांची साक्ष तुम्ही एका दिवसात फिरवलीत हो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नशीब, मागच्या दोन कोपऱ्यांपर्यंत माझा जाळ पोचला नव्हता. पण त्यातल्या एकात आपली खेळण्यांची आच लागलेली. कोणत्या, ते तूच सांगू शकतेस, आणि तेही इथे उभी राहून. बाई महिनाअखेरीस तुकडे कापायला येतील. त्यानंतर तिथून रस्ता जाणार आहे.

तुझा,
दादा

ता.क. बाई दोन्ही कोपऱ्यांतले तुकडे नेणार आहेत. यंत्राला फरक कळतो, तुझ्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही.

ता.क. २. आपला कोपरा डावा. तू फुंकणी धरायचीस आणि धूर माझ्या डोळ्यांत सोडायचीस. बाईंना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलंय. अकरा वर्षं झाली तुला येऊन. रस्ता व्हायच्या आत एकदा दोघं तिथे बसू. कोणत्या गाडीनं येतेस ते उलट टपाली लिही.