मामांच्या कोटातला मुंबईचा साहेब

नागापूर, १२ मार्च १९९६

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाचा मच्छिंद्र याचा नमस्कार. उभ्याउभ्याच करतो आहे, कारण शुक्रवारपासून मला एका जागी बसवत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? गाय व्याली का? बी.कॉम. अर्धवट सोडून मी काय दिवे लावतोय, असं तुम्ही विचारलं होतंत. मामा, लावले! अख्खी एमआयडीसी उजळली. (मुलाखतीसाठी म्हणून मामींकडून नेलेला तुमचा लग्नातला कोट परवा कर्जत गाडीच्या कंडक्टरबरोबर परत पाठवलाय, पोचला असेलच. मुलाखत झाली. फक्त ती मी घेतली.)

आमच्या वस्तीमागची रंगाची कंपनी तुम्ही पाहिलीच आहे. तिचं सांडपाणी ओढ्यात आणि ओढ्यातून भीमराज गुरुजींच्या विहिरीत उतरलं. दोन वर्षं सगळी वस्ती गुलाबी पाणी शेंदतेय. भाकरी गुलाबी, धोतरं गुलाबी. सहादू आजोबांची टोपी बघून परगावचे विचारतात, हा कुठला पक्ष? हसू येतं खरं, पण गीताबाईंच्या नातवंडांच्या अंगावरचे फोड बघितले की ते जागीच मरतं. गुरुजींची मुलगी वृषाली (तिच्याविषयी पुढे, खरं तर सगळं तिच्याविषयीच आहे) हिने अकरा अर्ज केले. अकराही वेळा कंपनीचं तेच उत्तर : पाणी पिण्यास योग्य आहे. तहसील कचेरीत म्हणतात, कंपनीच योग्य म्हणते, मग टँकर कशाला? मी म्हटलं, चला, दगड घेऊन जाऊ, एक काच शिल्लक ठेवत नाही! वृषाली म्हणाली, "काचा ते नव्या बसवतील आणि तुला आत बसवतील. डोकं घरी ठेव, चांगला कोट घालून ये." मामा, इतक्या प्रेमाने आजवर माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

तर तिने कंपनीच्याच पत्राच्या मथळ्याची झेरॉक्स काढून त्यावर टायपिंगच्या क्लासात एक हुकूम टाईप केला, आणि मी झालो मुंबईच्या हेड ऑफिसचा साहेब. भाड्याची ॲम्बेसिडर केली. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तिने मला दोनच शब्द दिले, "आय सी". बाकी वेळ खाकरायचं. मॅनेजरने मुंबईला फोन लावला तर? ती म्हणाली, वरच्याला घाबरणारा माणूस वर फोन लावत नाही.

अगदी तसंच झालं! मॅनेजर गेटपर्यंत पळत आला. आपल्याकडे साहेब दिसला की आधी टोपी-टॉवेल-नारळ, काम नंतर. नारळ घेऊन कोण आलं असेल? गोजरआत्या! (तुमच्या लग्नात जिलबीवरून भांडली होती ती. तिथल्या कँटीनात असते हे मी साफ विसरलो होतो.) मला बघून ती ओरडलीच, "आगं बया, मच्छ्या! कोट कुनाचा रं?" मी म्हटलं, "आय सी." आत्या हुशार. म्हणाली, "न्हाई सायेब, आमच्या भाच्यावानी दिसत्यात. पन त्यो लई वांड हाय, ह्ये शिकलेलं दिसत्यात." टोपी तिने घरचीच आणली, विहिरीवर धुतलेली. मॅनेजरने ती गुलाबी टोपी स्वतःच्या हाताने मला घातली. मी काढून उलटीसुलटी बघितली आणि खाकरलो. तो घाईघाईने म्हणाला, "सर, इकडची परंपरा आहे."

मग मी हुकूम पुढे केला. आपण अकरा वेळा पाणी योग्य असल्याचं कळवल्याबद्दल अभिनंदन. सबब आजपासून अधिकाऱ्यांचं कँटीन आणि आपला बंगला यांना त्याच विहिरीचं पाणी जोडावं. पहिला पेला आपण आमच्यासमक्ष घ्यावा. पाण्याची कळशी गाडीतच होती. आत्याने पेला भरून समोर ठेवला, गुलाबाच्या सरबतासारखा. मॅनेजर पांढराफटक पडला. हात जोडून म्हणाला, "सर, घरी लहान मुलं आहेत."

मामा, तेव्हा माझं घरी ठेवलेलं डोकं धावत परत आलं. कॉलर धरून विचारावंसं वाटलं, गीताबाईंच्या घरी काय मांजरं आहेत? पण वृषाली आठवली. मी म्हटलं, "आय सी. कारण लेखी द्या." आणि त्याने दिलं! विहिरीचं पाणी कंपनीच्या सांडपाण्यामुळे पिण्यास अयोग्य आहे. खाली सही. वर शिक्का!

वृषाली वळणावर उभी होती. कागद वाचून अशी हसली की मी नारळ तिथेच विसरलो. म्हणाली, "पुढच्या सोमवारी तहसीलदारांपुढे हा कागद ठेवला की टँकर सुरू. जपून ठेव. मग तुझ्याबद्दल आईशी बोलते." त्या 'मग' या शब्दावर मी चार दिवस जगतो आहे.

मामींना नमस्कार, गाईला थाप. आणखी सांगण्यासारखं काही नाही.

तुमचा, काही तरी करून दाखवलेला भाचा,
मच्छिंद्र

ता.क. कागद मी फार जपून ठेवलाय. तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात. हे वृषालीला अजून माहीत नाही. मी स्वतःच आलो असतो, पण एसटीचा रस्ता कंपनीच्या गेटवरून जातो आणि तिथे माझ्या उंचीच्या एका साहेबाचा शोध चालू आहे. म्हणून हे पत्र त्याच कंडक्टरच्या हाती देतोय.

ता.क. दुसरा : बाहेरून आलेला कपडा मामी आधी सोड्याच्या पाण्यात बुडवतात, हे आत्ता लिहिता लिहिता आठवलं. मामा, पत्र ठेवा आणि आधी मोरीत बघा!

ता.क. तिसरा : बुडवला असेल तर मामींना काही बोलू नका. कोट वाळवून, इस्त्री करून उलट गाडीने पाठवा. टोपी माझ्याकडे आहेच.