रुसकीची सळई

उस्ताद,

तुम्ही गेलात त्याला या माघात नऊ वर्षे होतील. तुम्हाला वाचता येत नव्हते आणि मला तोंडाने धड बोलता येत नव्हते, म्हणून आपले सगळे वहीतून चालायचे. मी लिहायचो, मीच वाचून दाखवायचो आणि तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकायचा. आता ऐकायला तुम्ही नाही, तरी लिहितो आहे. उद्या सकाळी मला रुसकी मोटार घेऊन वरंधा घाट उतरायचा आहे. तिघींपैकी शेवटची उरलेली, तीच. महाडला लग्नाला जाणारी बावीस माणसे आहेत. मला फार भीती वाटते. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती तेव्हाच, हिर्डोशीला सांगायची होती.

त्या तिघी कशा आल्या ते तुम्हीच मला सांगितले होते. मुंबईच्या बंदरावर नुसते सांगाडे उतरले, चार चाके आणि लांबलचक नाक. पुण्यात सुतारांनी त्यांच्यावर सागवानी घर चढवले, आणि ते असे भक्कम चढवले की खालचा सांगाडा त्या वजनाखाली पहिल्या दिवसापासून कण्हत होता. हार घालून, नारळ फोडून तिघी पुण्याहून भोरला निघाल्या आणि कात्रजच्या चढावर तिघींचेही पाणी उकळले. लोकांनी त्याच दिवशी नाव ठेवले, रुसकी. भोरच्या मोटार स्टँडवर म्हण पडली : घाई असंल तर चालत जा, सवड असंल तर रुसकीत बस. कधी मागचा दांडा तुटायचा, कधी पंखा फिरायचा थांबायचा, आणि ब्रेक तर चारही चाकांना लोखंडी सळयांनी जोडलेले, सळई ताणून लांबली की पाय जमिनीला टेकेपर्यंत दाबावे लागायचे. विकणाऱ्या कंपनीचा माणूस टोपी घालून आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, चालवणाऱ्याचा दोष. तुम्ही त्याला म्हणालात, "साहेब, मग तुमीच बसा. म्या मागनं ढकलतो." सगळा स्टँड हसला. पण पुढे ऐकू येऊ लागले की साताऱ्याकडच्या एका मालकाने अशीच गाडी सहा महिन्यांत काढून टाकली, आणि कुणी एकाने तिच्या पोटात कडबा भरून ठेवला. मग त्या साच्याच्या गाड्या येणेच बंद झाले. सुटे भागही बंद झाले. तेव्हापासून आपले मिस्त्री एकीचे काढायचे आणि दुसरीला लावायचे.

मी माझ्या गावाहून, पासलीहून चालत भोरला आलो तेव्हा चौथी पास होतो आणि अक्षर चांगले होते, एवढेच भांडवल. मालकांनी तिकिटे फाडायला ठेवले. गाडीत काय बिघडले ते लिहून ठेवायची कल्पना तुमची. तुम्ही मला पुण्याहून शाईची पेन्सिल आणून दिलीत, जिभेवर ओली केली की जांभळी उमटते आणि पुसता येत नाही ती. म्हणालात, "मास्तर, हिनं लिव्ह. खोडायचं न्हाई." त्या दिवशी तुम्ही मला घरी जेवायला नेलेत. चुलीपुढे तुमची मंडळी भाकऱ्या थापत होत्या. मी संकोचाने दाराशीच बसलो तर त्या म्हणाल्या, "आत ये की रं. धुरानं काय मरत न्हाईस." आणि तुम्ही म्हणालात, "त्यो कशालाबी भितो. परवा टायर फुटलं तर माज्या आदी ह्योच खाली पडला." तुम्ही दोघे हसलात. मीही हसलो. पण ते खरेच होते. मी कशालाही भितो. माझे अक्षर चांगले आहे तेही त्यामुळेच, चूक होईल या भीतीने मी प्रत्येक वेलांटी दोनदा बघतो.

तीन गाड्यांच्या मी तीन वह्या केल्या होत्या. पहिलीची वेगळी, दुसरीची वेगळी, तिसरीची वेगळी. मला वाटायचे, इतके नीट काम भोर संस्थानात कुणी केले नसेल. चूक तिथेच होती. गाड्या तीन होत्या, पण त्यांचे भाग काही आपापल्या गाडीत राहत नव्हते. दुसरीच्या वहीत मी लिहिले होते : मागची डावी ब्रेकची सळई, आट्यांजवळ चीर, नखाला लागते. ती गाडी मग छपरात उभी राहिली. महिन्याने मिस्त्रीने आपल्या पहिल्या गाडीची ताणलेली सळई काढून तिच्या जागी वेगळी बसवली, आणि मी पहिलीच्या वहीत लिहिले : सळई बदलली, काम झाले. ती कुठून आणली, हे मी विचारले नाही. वहीत तसा रकानाच नव्हता.

त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही मला बोलला होतात. भोरच्या स्टँडवर गाडी भरली होती आणि मी नेहमीसारखा तुमच्याजवळ उभा राहून वही वाचत होतो, जरा मोठ्याने, कारण यंत्र सुरू होते. पुढचा दिवा नाही, उजवा ब्रेक उशिरा लागतो, पाणी गळते. मागे एक बाई उठली आणि लेकराला घेऊन उतरली. तिच्यामागून आणखी तिघे उतरले. एकजण जाताना म्हणाला, "ही मोटार हाय का तिरडी?" तुमचा चेहरा लाल झाला. "मिट ती वही! वही हाय का यमाचं बोलावणं?" सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. गाडी उताराला लागल्यावर तुम्ही पुढे बघतच हळू म्हणालात, "माज्या कानात सांगत जा, मास्तर. लोकांच्या कानात नगं." म्हणजे तुम्ही दार बंद केले नव्हते. हे मला नीट आठवते, म्हणून लिहितो. दोष तुमच्या रागाचा नव्हता.

आणि मग तो दिवस. आपण घाटाच्या अलीकडे, हिर्डोशीला थांबलो आहोत. रुसकीच्या नाकातून वाफ निघते आहे, तुम्ही झाकणावर ओले पोते टाकले आहे. प्रवासी सावलीला बसले आहेत. एक म्हातारा नाचणीचे गाठोडे मांडीवर घेऊन तुम्हाला विचारतो, "डायवर, आज पोचवशील न्हवं? का लेकीकडं उद्या?" तुम्ही म्हणता, "बाबा, तुमची लेक वाट बघंल, रुसकी बघत न्हाई." मी ओढ्यावरून पाणी आणतो, ओततो, आणि सवयीप्रमाणे खाली वाकून बघतो. मागच्या डाव्या चाकाकडे जाणाऱ्या सळईवर लाल रंग दिसतो. आपल्या गाडीची तळाची बाजू हिरवी. लाल फक्त दुसरीची होती. मी आणखी आत सरकतो. आट्यांजवळ चिखल आहे. मी तो पुसत नाही. पुसला तर दिसेल, आणि दिसले तर सांगावे लागेल. मी तसाच बाहेर येतो. गुडघे झटकतो.

"काय रं मास्तर, बघितलंस खाली?"

"व्हय."

"मग?"

"काय न्हाई, उस्ताद."

एवढेच. लोक बसले होते. ती बाई, ती तिरडी, ते सगळे डोळे मला पुन्हा दिसले. मनात म्हटले, मिस्त्रीने बघूनच बसवली असेल. तुमचा कान आणि माझे तोंड यांत दोन हातांचे अंतर होते.

घाटमाथ्यावर तुमचा नेम होता. सगळ्यांना उतरवायचे, पहिल्या वळणापर्यंत चालायला लावायचे, रिकामी गाडी तुम्ही एकट्याने उतरवायची आणि ब्रेक धरतात अशी खात्री झाली की मग सगळ्यांना घ्यायचे. मी बाभळीचा ठोकळा हातात घेऊन मागच्या चाकाजवळून चालायचो, गाडी सुटलीच तर चाकापुढे टाकायला. त्या दिवशीही लोक कुरकुरले. "तिकीट काढून चालवत नेतो व्हय रं?" तुम्ही म्हणालात, "चाला, पाय मोकळं व्हत्यात." गाडी वीसेक पावले हळू गेली. मग खालून टणकन आवाज आला, थाळी पडावी तसा, आणि चाके एकदम हलकी झाली. तुम्ही ओरडलात, "ठोकळा!" मी टाकला. चाक त्याच्यावरून उडी मारून गेले. तुम्ही गाडी डोंगराकडे वळवली, ते मी बघितले. नाक खडकाला लागले, मागची बाजू फिरली आणि सागवानी घर तुमच्या बाजूने खाली आले. नाचणीचा म्हातारा माझ्या आधी तिथे पोहोचला.

पंचनाम्यात लिहिले गेले, चालवणाऱ्याचा दोष. फौजदाराने मला विचारले, गाडीत काही बिघाड होता का? मी वही पुढे केली. सळई बदलली, काम झाले. जांभळ्या, न पुसणाऱ्या अक्षरात. त्यांनी माझ्या अक्षराची तारीफ केली.

तुमच्या मंडळींकडे मी ईदेला जातो. त्या शिरखुर्मा देतात आणि दर वर्षी एकच गोष्ट विचारतात, "तुजं उस्ताद चुकलं व्हतं का रं?" मी नाही म्हणतो. का नाही, ते सांगत नाही. त्या माझ्याकडे बघत राहतात आणि मी वाटी चाटूनपुसून संपवतो.

आता युद्धामुळे नव्या मोटारी येत नाहीत आणि पेट्रोल चिठ्ठीवर मिळते. मालकांनी तिसरी रुसकी छपरातून ओढून काढली आणि तिच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवली. कोळशाच्या धुरावर ती चालते, म्हणजे चढावर माणसे ढकलतात. आधीच जड, त्यात ही भट्टी. तिला चालवतो मी. चार वर्षांपूर्वी मला लायसन मिळाले. मी तुमचा नेम पाळतो, माथ्यावर सगळ्यांना उतरवतो, आणि लोक मलाही तेच बोलतात. वह्या आता गाड्यांच्या नाहीत. प्रत्येक सळईवर मी कानशीने खुणा पाडल्या आहेत आणि वही सळयांची आहे, कोणती कुठून निघाली आणि कुठे गेली याची. पण मागच्या महिन्यात मी तापाने पासलीला पडून होतो. तेवढ्यात मिस्त्रीने काय काय लावले ते वहीत नाही. मालक सकाळी म्हणाले, "उद्या पाव्हण्यांची मानसं हायेत, येळेवर काढ. मिस्त्रीनं समदं बघितलंय." मी "व्हय मालक" म्हणालो.

दुपारी मी गाडीखाली गेलो. पुढच्या उजव्या सळईवर खूण नव्हती. लाल रंग होता, म्हणजे हीही दुसरीचीच. आट्यांजवळ चिखल होता. या वेळी मी तो पुसला. चीर नखाला लागली.

पाना तीनदा निसटला. पण सळई काढली. ती इथे माझ्यापुढे आहे, वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवली आहे. ती लपवून भागणार नाही, हे मला कळते. मिस्त्री तारेने काहीतरी बांधील आणि मालक दुसऱ्या कुणाला तरी बसवतील. ती हातात घेऊन मालकांच्या ओट्यावर जायला हवे. तिथे पाहुणे बसले असतील. त्यांच्यासमोर मोठ्याने सांगायला हवे, कानात नाही. मालक म्हणतील, भित्रा. पाहुणे हसतील. कदाचित उद्यापासून माझ्याकडे गाडी नसेल. आणि तिथून निघाल्यावर आणखी एका दारी जायचे आहे, तुमच्या, चुलीपाशी, तिथेही सांगायचे आहे. त्याची भीती मालकांपेक्षा मोठी आहे.

हे पत्र कुठे टाकणार? सळयांच्या वहीत ठेवीन. शाईच्या पेन्सिलीने लिहिले आहे, म्हणून खोडता येत नाही, नाहीतर एक वाक्य मी खोडले असते. वर लिहिले की तुम्हाला सांगायचे राहिले म्हणून लिहितो आहे. ते पुरते खरे नाही, उस्ताद. मालकांकडे जायला जितका उशीर होईल तितका व्हावा म्हणून लिहायला बसलो. आता शेवटच्या कागदाची दुसरी बाजूही भरली.