सात नंबरच्या कागदावरची भोकं

ती. त्सेंझी आत्या,

नाही म्हणजे नाही. परवा तू फोनवर "अगं, काकाचं वय झालंय, घे की ऐकून" म्हणालीस आणि मी फोन ठेवला. तो रागाने नाही ठेवला. पोस्टाच्या बसमध्ये होते, आणि अख्खी बस कान देऊन ऐकत होती म्हणून ठेवला. पण मुद्दा तोच आहे. काकाची ती सत्तावन्न रायफल मी घेणार नाही. (नमस्कार राहिलाच, तो इथे समज. गुडघा कसा आहे? लोकार्नोचं ऊन मानवतंय ना? तिकडे म्हणे लोक आत्ताच तलावात पाय सोडून बसतात. इथे आमच्या गोठ्यामागे अजून बर्फाचा ढीग आहे. आई ठीक, बाबा ठीक, फ्लोरा व्याली, वासरूही ठीक. झालं.)

तुला सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुझा मोठा भाऊ फक्त शेवट सांगतो, आणि तोही त्याच्या सोयीचा. तर मला वीस पूर्ण झाली. आता क्लबची उधारीची रायफल पुरे, स्वतःची घ्यायची. मी नीट अभ्यास केला. रंगीत तक्ता केला, वजन, लांबी, सुटे भाग, सगळं. (काका तक्त्याकडे बघून म्हणाला, "इंग्रजी शाळेत पाठवलं ते याच्यासाठी?") पहिली होती अमेरिकन पद्धतीची काळी, क्लबातल्या रेटोकडे आहे तसली. त्याने तिला दुर्बीण, दिवा, काय काय लावलंय, ख्रिसमसचं झाडच झालंय तिचं. पण फेल्डशीसनच्या स्पर्धेला ती चालत नाही, आणि वर्षातून एकदा अख्खं गाव जिथे नेम धरतं तिथे जी चालत नाही ती मला काय करायची? कट. उरल्या दोन. दोन्ही एकेकाळी आपल्या सैन्याच्या, आणि आपल्याला मिळतात त्या एका चापाला एकच गोळी सोडणाऱ्या. एक काकाची सत्तावन्न सालची, दुसरी नव्वद सालची.

आता तूच सांग. सत्तावन्न म्हणजे काय आहे? लोखंडाचं वासरू. दोन पाय पुढे टाकून उभी राहते आणि आपल्याकडेच बघत बसते. खांद्यावर घेऊन रेंजपर्यंत चढले की माझा श्वास जागेवर यायला दहा मिनिटं लागतात, तोवर माझी पाळी गेलेली असते. नव्वद हलकी, दस्ता घडी घालून मिटतो, गोळ्यांचा डबा पारदर्शक, आत किती उरल्या ते दिसतं. लॉजिक सरळ आहे. पण आपल्या क्लबात पहिल्या रायफलीच्या अर्जाला अध्यक्षाचं पत्र लागतं, आणि अध्यक्ष सव्वीस वर्षं कोण आहे ते तुला माहीतच आहे.

काकाने काय करावं? माझ्या हातातली नव्वद (क्लबचीच, ट्रायलला घेतलेली) उलटसुलट केली, दस्ता मिटवला, उघडला, परत मिटवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस लंडन, ही रायफल आहे की छत्री? घडीच घालायची असेल तर टेबलक्लॉथ घे की." अख्खं शूटिंग हाऊस हसलं. क्लबातला तो म्हातारा बीट, सर्व्हेला सॉसेजचा घास तोंडात असताना हसला आणि ठसका लागून लाल झाला. मी म्हटलं, "काका, तुझी सत्तावन्न उचलायला क्रेन मागवावी लागते." मग काय, पेटला. शनिवारी फेल्डशीसनला शेजारी शेजारी झोपून मारायचं, तो सात नंबरच्या निशाणावर, मी आठ नंबरच्या. मी जिंकले तर एक शब्द न बोलता पत्रावर सही. तो जिंकला तर मी सत्तावन्न घ्यायची, आणि वर आयुष्यभर तक्रार करायची नाही. (हे शेवटचं त्याने मागाहून घुसवलं. फेअर आहे का हे?)

शनिवारी गर्दी ही! काकाला यंदा फेल्डशीसनचा पन्नासावा बिल्ला मिळायचा होता ना. एकोणपन्नास वर्षं एकही न चुकता, खोऱ्यात कुणाचे नाहीत एवढे. म्हणून बॅन्ड बोलावलेला, काचेच्या कपाटात त्या हिरव्या कापडावर पन्नासावी जागा मोकळी ठेवलेली, तिच्याखाली तारीखसुद्धा आधीच कोरून घेतलेली. असा कॉन्फिडन्स! जेवणाच्या सुट्टीत निशाणांवर कोरे कागद लावले आणि पहिली जोडी आमचीच. बारा गोळ्या झाल्या तेव्हा मी दोन गुणांनी पुढे होते. हे लिहून ठेव. दोन. गुणांनी. पुढे. मग निशाणांवर पुन्हा कोरे कागद लावले आणि शेवटची फेरी, एका मिनिटात सहा, आणि मिनिट संपेपर्यंत गुण मोजणारं मशीन काही दाखवत नाही. आत्या, मी आयुष्यात इतकी छान कधी मारली नाहीये. श्वास, चाप, श्वास, चाप. नव्वद नुसती मांजरीसारखी खांद्याला घासत होती.

मिनिट संपलं. माझ्या पडद्यावर शून्य. सहाच्या सहा शून्य, आठ नंबर कोरा. आणि काकाच्या सातवर सहाऐवजी बारा!

हो, मी त्याच्या निशाणावर मारल्या. लाजायचं काय त्यात? तू पंचवीस वर्षं गुण लिहायचीस, असल्या कितींना पाहिलं असशील. पण पुढचं ऐक. बारापैकी सहा मधोमध, ओंजळीत मावतील अशा. बाकीच्या सहा कागदभर, शाळा सुटल्यावर पोरं पळतात तशा. आणि तुझा भाऊ त्या मधल्या सहा बघून शांतपणे टोपी काढतो आणि म्हणतो, "बघ. सत्तावन्न."

मी म्हटलं, "त्या माझ्या आहेत!"

"तुझ्या त्या बाकीच्या. टेबलक्लॉथच्या."

गुण लिहिणाऱ्या हेदीने नियमांचं पुस्तक काढलं. कुणाची गोळी कोणती ते ठरत नसेल तर निशाण ज्याचं त्याला चांगल्या सहा द्यायच्या. म्हणजे मी नेम चुकवला, आणि बक्षीस त्याला! त्या सहा धरून काकाला बिल्ला मिळाला, काठावर, एका गुणाने. त्या नसत्या तर गेला होता. मी उड्या मारत होते, बीट मला पाणी देत होता, बॅन्डवाल्यांना वाजवायचं का थांबायचं कळेना. तेव्हा काकाच ओरडला, "अरे मशीन आवाज मोजतं, भोकं नाही! सत्तावन्नची गोळी जाड, हिची बारीक. कागद आणा, भोकं मोजा, हिचं तोंड बंद करा!" म्हणजे बघ, त्याला शंभर टक्के खात्री. मला दोनशे. गोळीबार थांबला, लाल झेंडा वर गेला आणि कागद आणायला मीच पळाले, कारण कागद बदलायची ड्यूटी माझीच होती.

तर कागद मिळाला नाही. वरच्या कुरणावरून वारा सुटला होता, नेला असेल त्याने. मी रिकाम्या हाताने परत आले, सगळे "बिचारी" अशा नजरेने बघत होते, आणि मग बॅन्ड वाजला. काकाने पन्नासावा बिल्ला लावला. रडला. (म्हणतो, दारूगोळ्याचा धूर गेला डोळ्यात.)

पण मी मानत नाही. कागद नाही म्हणून खरं बदलत नाही! सगळे म्हणतात, सोड. बाबा म्हणतात, सत्तावन्न काही वाईट नाही, धक्का कमी बसतो. मला धक्का कमी नकोय, मला नव्वद हवी आहे, आणि त्या सहा माझ्या होत्या हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं आहे. पुढच्या महिन्यात क्लबची सभा आहे, तिथे मी उभी राहून सांगणार आहे. काय करतील? हाकलतील? हाकलू देत.

गुडघ्याला जप.

तुझी लिव्हिया

ता. क. मशीनच्या पट्टीची झेरॉक्स सोबत आहे. काका गुरुवारी तुझ्याकडे बिल्ला दाखवायला येतोय. त्याच्यासमोर ती काढू नकोस.

ता. क. २. पत्राबरोबर पुठ्ठ्याची लांब नळी आली असेल. ती तर अजिबात उघडू नकोस. कपाटाच्या वर टाक. काका माझ्या खोलीत दोनदा "तुझ्या आईचा चष्मा शोधतोय" म्हणून येऊन गेला.

ता. क. ३. बरं, सांगते. वाऱ्याने काही नेलं नाही. मी कागद तिथेच गवतावर पसरला आणि पेन्सिल घालून बघितली. जाड भोकातून ती सरळ जाते, बारीक भोकात अडकते. मधल्या सहांपैकी पाचांत अडकली. माझी सहावी कुठे गेली त्याबद्दल आपण बोलायला नको. आणि मधोमध, सगळ्यात मधलं जे एक भोक आहे, त्यातून पेन्सिल सरळ आरपार गेली. तेवढी एक त्याची आहे, आणि एवढी सुंदर मी एकही मारलेली नाही. मग मी वर बघितलं. तीनशे मीटरवर बाकी सगळे आत गेले होते, काका एकटाच टोपी हातात घेऊन वाट बघत उभा होता. मी कागद गुंडाळून जाकिटात घातला. आता मी सत्तावन्न घेऊन आयुष्यभर गप्प बसू, की सभेत नळी उघडू? तुला काय वाटतं?