मुलीचा घटस्फोट मी हाती घेतो

३ मार्च, सोमवार. सकाळी.
मुलगी आली होती. नवऱ्यापासून वेगळी होतेय म्हणाली. मारहाण? नाही. दारू? नाही. दुसरी बाई? नाही. "आमचं भांडण नाही बाबा, जमत नाही एवढंच. दोघांनी मिळून ठरवलंय." भांडण नाही तर घटस्फोट कशाला? एकतीस वर्षं आमच्या घरात रोज भांडण झालं, आम्ही सोडलं का एकमेकांना?
मी पूर्ण शांत होतो. कप हातातून निसटला आणि समोरच्या भिंतीवर गेला. ही काही न बोलता उठली आणि तुकडे गोळा केले. आमच्या हिचा हा मोठा गुण. बोलत नाही.
निश्चय: मुलगी भोळी, जावई आतल्या गाठीचा. प्रकरण मी हाती घेतो. फॅक्टरीच्या गेटवर सिक्युरिटी ऑफिसर म्हणून उभा राहायचो, कोणाच्या डब्यात काय आहे ते चालण्यावरून ओळखायचो.

५ मार्च, बुधवार.
वकिलाकडे गेलो. मुलगी नको म्हणत होती, म्हणून तिच्या आधीच जाऊन बसलो. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली. मला वाटलं होतं वाघ असेल. निघाली एक बारकीशी बाई, पायात स्पोर्ट्स शूज, सर्दी झालेली. मला काका म्हणाली.
मुलगी आणि जावई एकाच बाकावर. एकाच बाटलीतून पाणी पीत होते! शत्रूचं पाणी!
वकीलीणबाई म्हणाल्या, दोघांची संमती आहे, नातीचा ताबा दोघांकडे राहील, मसुदा करू, कोर्टात देऊ, काही महिन्यांत मोकळे. मी विचारलं, मग यात लढाई कुठे आहे? त्या म्हणाल्या, "लढाई नाहीच आहे काका. तुम्ही जरा बाहेर बसता का?"
मुद्दा ठसावा म्हणून टेबलावर हात आपटला. वरची काच तडकली. काच हलकी होती. हल्ली सगळंच हलकं मिळतं.

९ मार्च, रविवार. हॉस्पिटलमधून परत आल्यावर.
पुरावा गोळा करायला निघालो होतो. स्कूटरवर हेल्मेट घालून जावयाच्या मागे. आधी त्याने चपला शिवायला दिल्या. मग ठकीला पोहायच्या क्लासला सोडलं. ठकी म्हणजे नात, वय सहा, माझ्यावर गेलीय. हा बाहेर पायरीवर बसून तिच्या वेणीची रबरं सोडवत होता. नाटकी माणूस. ठकीला मैत्रिणीच्या आईबरोबर घरी पाठवलं आणि गेला एका बिल्डिंगमध्ये. दुसरा मजला. बाईने दार उघडलं. हसली!
सापडला!
दोन मिनिटं थांबलो आणि खांद्याने दार तोडलं. म्हणजे तोडणार होतो. दार नुसतं लोटलेलं होतं, त्यामुळे मी पूर्ण वेगात आत गेलो, टीपॉयवरून कोचावर आणि कोचावरून खाली. बाई साठीची होती. जावयाला भाड्याची खोली दाखवत होती. हे मला नंतर कळलं. तिने इस्त्री उचलून माझ्या डोक्यात घातली. इस्त्री थंड होती, देवाची कृपा.
तीन टाके. जावयाने रिक्षातून नेलं. डॉक्टर सुई घालत असताना माझा हात धरून बसला. मी धरू दिला. संशयित नजरेसमोर असलेला बरा.

११ मार्च, मंगळवार.
मुलगी घरी येऊन खूप बोलली. त्या बाईंनी आता खोली द्यायला नकार दिलाय म्हणे. मी म्हटलं, तुझ्यासाठीच करतोय. ती म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही काहीही करू नका. एवढं एकच करा."
एकुलत्या मुलीने बापाला असं बोलावं. मी उठून उभा राहिलो. जेवण झालं होतं, पट्टा काचत होता, म्हणून तो सैल करायला हात घातला. पोरगी बोलता बोलता गप्प झाली आणि खुर्चीच्या मागे, दाराजवळ जाऊन उभी राहिली. लहानपणीही बरोबर तिथेच उभी राहायची. जागेचं भान चांगलं आहे तिला.
ही स्वयंपाकघरातून आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. मध्ये तिचं काय काम होतं देव जाणे.

१८ मार्च, मंगळवार.
वकीलीणबाईंचा फोन. ऑफिसमध्ये येऊ नका, जावयाला फोन करू नका, पाठलाग तर अजिबात नको. सोमवारी कोर्टात समुपदेशकाकडे तारीख आहे, तिथेही आला नाहीत तर बरं. म्हणजे त्यांना माझी भीती वाटते. शुभलक्षण.
निश्चय: रागावर ताबा. मोबाइलवर व्हिडिओ पाहून दीर्घ श्वसन सुरू. नाकाने आत, तोंडाने बाहेर. सातव्या श्वासाला खालच्या शेजाऱ्याने गाडी रिव्हर्स घेतली आणि ते टुंई टुंई सुरू झालं. खाली जाऊन त्याचा आरसा उपटला. वर येऊन उरलेले श्वास पूर्ण केले. सातत्य महत्त्वाचं.

२४ मार्च, सोमवार. दुपारी.
कोर्टात गेलो. फक्त बघायला.
लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बाक, बाकांवर गप्प बसलेली माणसं. ठकीची शाळा बंद होती, म्हणून तिला बरोबर आणलेलं. जावई वाकून तिच्या बुटाची लेस बांधत होता. मला पाहिलं आणि हसला. "या बाबा, बसा," म्हणाला.
बसा! मला!
एकच लगावली. बरं, दोन. दुसरी मुठीने, कारण पहिली नीट बसली नव्हती. कट्ट असा आवाज आला. नाकातून रक्ताची धार, ठकीच्या पांढऱ्या मोज्यांवर. हवालदार धावला, दोघा-तिघांनी मला मागून धरलं, माझ्या शर्टाची बाही फाटली. त्याचं कोणालाच काही नाही.
हवालदार तक्रार लिहून घ्यायला तयार होता. जावई रुमाल नाकाशी धरून म्हणाला, "नको, पोरीसमोर नको." बघा! तक्रार करायचीही हिंमत नाही.
मुलीने आपल्या ओढणीने त्याचं नाक पुसलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, सगळ्यांदेखत. कित्येक महिन्यांत दोघं इतकी जवळ आली नसतील. वकिलांना जे जमलं नाही ते मी दोन फटक्यांत केलं. संसार वाचला असं समजायला हरकत नाही.
ठकी अजिबात रडली नाही. बाकाखाली जाऊन बसली होती. "लपाछपी का गं?" म्हटलं, तर आणखी आत सरकली. खेळात रमली की ती अशीच.

२८ मार्च, शुक्रवार.
वकीलीणबाईंनी स्वतःहून बोलावलं. शेवटी माझ्याशिवाय पान हलत नाही. दाढी करून गेलो.
संसार वाचलेला नाही. मसुदा वाचून दाखवला. ठकी तीन दिवस इकडे, चार दिवस तिकडे, सुट्ट्या निम्म्या निम्म्या. मी मान डोलावत होतो. मग त्या थांबल्या, नाक पुसलं आणि पुढचं कलम वाचलं. मुलीला तिच्या आईच्या वडिलांजवळ एकटं ठेवायचं नाही. भेट फक्त सार्वजनिक ठिकाणी, दोघांपैकी एक पालक हजर असताना.
आईचे वडील. मला अर्धं मिनिट लागलं.
मी म्हटलं, हे त्या माणसाने घातलंय. नाकाचा सूड. त्या म्हणाल्या, "नाही काका. ते म्हणत होते, राहू दे, रागीट आहेत एवढंच. तुमच्या मुलीने हट्ट धरला. ती म्हणाली, मला माहितीय."
काय माहितीय? हे मी बऱ्याच मोठ्याने विचारलं. त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली आणि सांगितलं, तिने तिच्या लहानपणाबद्दल लेखी निवेदन दिलंय. लहानपण! शिस्त होती, म्हणून तर शिकली! मी म्हटलं, लहान पोराच्या आठवणीला कोण विचारतं, साक्षीदार कोण आहे?
त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. खाली हिची सही होती. पूर्ण नावाची, वळणदार.
घरी येऊन जाब विचारणार होतो. हिने आपलं अंथरूण मुलीच्या जुन्या खोलीत हलवलेलं. आतून कडी. दारावर दोन लाथा घातल्या. आतून ही म्हणाली, "अहो, शेजाऱ्यांनी आरशाच्या वेळीच पोलिसांचा नंबर दिलाय मला." एवढं लांब वाक्य हिच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी ऐकलं.
चहा स्वतः केला. साखर कुठे असते ते सापडलं नाही.

६ एप्रिल, रविवार.
पहिली भेट. बाग, घसरगुंडीजवळचा बाक. मुलगी आली नाही. तिने जावयाला पाठवलं. नाकाचं हाड बसवलंय, डोळ्यांखाली अजून पिवळं आहे. नमस्कार केला त्याने. मी मनातल्या मनात स्वीकारला.
आज राग नाही, आवाज नाही, नुसता आजोबा, असं ठरवून गेलो होतो. ठकीसाठी रंगीत खडू नेले होते.
ती घसरगुंडीवरून उतरून धावत आली, मला पाहून पाच-सात पावलांवर थांबली. मी हसलो. इकडे ये, अशी खूण करायला हात वर केला.
ती खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर घेतले, डोळे घट्ट मिटले आणि तशीच बसून राहिली.
जावई तिच्याजवळ गेला, गुडघ्यावर बसला. "अगं, काही नाही. आजोबा हात हलवतायत फक्त."
तिने डोळे उघडले नाहीत.
माझा हात वरच होता. खाली घ्यावा तर ती आणखी घाबरेल असं वाटलं. बाकावरची एक बाई बघत होती, तिला वाटावं म्हणून मी त्या हाताने केस सारखे केल्यासारखं केलं. मग तो हळूच खिशात घातला.
खडू जावयाकडे दिले. डाव्या हाताने.