पाठ कुठं लागली?

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा नाक सुजवून आली! घास चावता येईना आणि तरी हसतेय. म्हणे, "माय, समोरचीचं पाह्यलं असतं तं!" समोरचीचं मी कशाला पाहू? समोरचीला मी नऊ महिने पोटात वाढवलं नाही.

ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी काही बोला. म्हणाले, "सूज हाय, उतरते." संपलं! नाव निवृत्ती ठेवलं तिथेच घात झाला.

प्रेरणा आमची एकुलती. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास बरा, स्वयंपाक बेताचा, जीभ माझ्यावर गेलेली. दोन वर्षांपूर्वी सुवर्णा मॅडम बाजारामागच्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये बॉक्सिंग शिकवायला लागल्या आणि पोरीला काय भूल पडली कोण जाणे. अंगणातल्या कडुलिंबाला युरियाचं पोतं टांगलंय, आत चिंध्या आणि भुसा. दिवस उगवला की धबाधब सुरू. गायसुद्धा आता दचकत नाही. मीच दचकते.

तिची एकही लढत बघायला गेले नाही. जाणारही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मेथीच्या जुड्या बांधत होतो दोघी. हिने मोबाइल टोपलीला टेकवून ठेवलेला. त्यात दोन माणसं एकमेकांना बडवतायत.

"हा पाह्य माय, हा हारला. पन कसा खेळला!"

दुसरा लावला. तोही हरलेला. मग एक बाई — तीही! डोळा सुजलाय, पण मागे म्हणून सरत नाही. आणि शेवटी पंच हात वर करतो तो दुसरीचाच.

"हारलेल्याईचंच काऊन पाहातं वं तू?"

"मॅडम म्हनते, काही जनाईची सगळ्यात भारी लढत हारलेलीच असते."

शुभ बोल रे नाऱ्या! लोकांच्या पोरी हिरो बघतात, माझी हरलेले बघते. पण त्या सुजल्या डोळ्याच्या बाईचं मी शेवटपर्यंत पाहिलं. दोन जुड्या सैल बांधल्या गेल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

विभागीय स्पर्धा सोळा तारखेला आहे, बुलढाण्याला. जिंकली तर राज्य स्पर्धेला जाणार.

शेजारच्या शालूबाई ऐकून लगेच हजर. "नाक वाकडं झालं तं पावन्याईले काय सांगसान?" मी म्हटलं, "पावन्याचं नाक आधी आम्ही पाहू." गेली गप उठून. पण मला नाकाची भीती नाहीच. मागच्या महिन्यात पोरीचं दोन दिवस डोकं दुखत होतं आणि तिने मला सांगितलं नव्हतं. मॅडमनी विश्रांती घ्यायला लावली तेव्हा कळलं. ते मला अजून खातंय.

म्हणून आज अट घातली. "हारली तं ग्लोव्हज माळ्यावर. जिंकली तं मी तोंड उघडनार नाई."

वाटलं रडेल, रुसेल. हिने पटकन हात पुढे केला. "मंजूर!"

दुपारी शिवेवरच्या मारोतीला गेले आणि... लिहू का? लिहिते. बियाणेवाल्याने फुकट दिलेली डायरी, हिला कोण वाचतंय! नवस बोलले. पोरगी हरू दे, अकरा नारळांचं तोरण बांधीन. फार मार न लागता हरू दे, हेही घातलं. देवाला नीट सांगितलेलं बरं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भाजी वाढताना तिच्या डोळ्याला डोळा देववत नाही. वांगी फर्मास झाली होती, तरी मला गोड लागली नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

"माय, येशील का वं पाहाले?"

"भाजी तोडाची हाय."

"बरं."

भांडली असती तर मीही भांडले असते. हे "बरं" कुठून शिकली?

१५ नोव्हेंबर, शनिवार

जातेय! इथे बसून फोनची वाट बघत जीव टांगणीला लावण्यापेक्षा समोर बसलेलं बरं. शिवाय हरल्यावर रडली तर पदर कुणाचा? बापाच्या उपरण्याला घामाचा वास.

सांगितलं तर पोरीने धावत जाऊन त्या पोत्याला मिठीच मारली. वेडी.

दशम्या करून ठेवल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

हरली.

पण काय खेळली! काय खेळली माझी बाई! घसा बसलाय. उद्या लिहिते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

घसा अजून उघडला नाही. बाजारात भाव हाताने सांगितले.

तर काल. मॅडम पोरीला घेऊन पुढे गेल्या होत्या. आम्ही दोघं एसटीने चिखलीवरून गेलो. हॉल गच्च भरलेला. माझ्या शेजारी एक बाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत बसलेली. म्हटलं, ही आपल्यातलीच. दशमी दिली. तिने शेंगदाण्याचा लाडू दिला.

"तुमची कोनती?"

"लालवाली. समता. अकोल्याची."

अगं बाई! माझी निळी! दोघींच्या तोंडात एकमेकींचा घास. आता वैर तरी कसं धरायचं?

समता उंच. दोन वर्षं तीच जिंकतेय. पहिल्या फेरीत तिने आमचीला नुसतं बडवलं. लांबूनच हात यायचा आणि आमची तोंडावर झेलायची. पंचाने मध्येच थांबवून मोजायला घेतलं. ते मोजणं ऐकलं आणि मी डोळे गच्च मिटले. मारोतीला म्हटलं, झालं ना तुझं? आता हरव आणि सोडव माझ्या लेकराला.

दुसऱ्या फेरीत समताच्या आईनेच मला कोपर मारलं. "अवं बाई, डोये उघडा! पाहा तं तुमची पोरगी!"

पाहिलं. आमच्या गोठ्याचं दार ठेंगणं आहे. लहानपणापासून ती मान खाली घालून त्यातून जशी सुळकन शिरते, तशी त्या लांब हातांखालून शिरत होती. शिरायची, दोन-तीन लगावायची, बाहेर! पुन्हा आत! समताला कळेना ही कुठून येतेय. मला कळत होतं. त्या दाराशी कपाळ आपटून घेत घेतच शिकलीय ती.

तिसऱ्या फेरीला मी खुर्चीवर उभी होते. कधी चढले, आठवत नाही. "हान वं पोरी, हान! खालून शिर, खालून!" हे माझं लुगडं ओढतायत, "पडशीन, कोकिळा, उतर!" कोण उतरतंय! सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. आमची दमली होती, पाय ओढत होती, आणि तरी पुढेच जात होती. एक पाऊल मागे घेतलं नाही हो! दोन वर्षं मी हिला सुजलेल्या नाकावरून ओळखत होते. ही असं काही करते, हे मला माहीतच नव्हतं. किती आनंद झाला म्हणून सांगू, आणि तितकीच स्वतःची लाज वाटली.

मग आठवलं, नवस! खुर्चीवरूनच हात जोडले. मारोतीराया, मागे घेते! हरवू नको! तोरण दुप्पट बांधीन, पण हरवू नको!

पाच पंच. तीन समताकडे, दोन आमच्याकडे. लाल हात वर गेला.

पण टाळ्या थांबेनात. मग समतानेच आमच्या पोरीचा हात धरून वर केला. तिची आई माझ्या गळ्यात पडून रडतेय. म्हटलं, "तुमी काऊन रडता? जिंकल्या ना तुमी!" तर म्हणे, "तुमचीले पाहून."

सुवर्णा मॅडमचे डोळेही लाल. म्हणाल्या, "अशी तर ही जिंकली तेव्हासुद्धा खेळली नव्हती."

पोरगी रडली नाही. पदर मलाच लागला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी धबाधब नाही. गाय मान वळवून लिंबाकडे बघतेय. मीही बघतेय.

चहा ठेवला तोच प्रेरणा ग्लोव्हज घेऊन आली. पुसून, फडक्यात बांधून. स्टूल ओढलं आणि माळ्याकडे हात नेला.

"काय करून राह्यली?"

"बोलली तं बोलली, माय. हारली मी."

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं आणि मला बघवेना. तोंडात येईल ते बोलले.

"थांब! पाठ कुठं लागली तुही?"

"काय?"

"यात्रेतल्या दंगलीत पैलवान कव्हा हारते? पाठ लागली तं. तुही लागली का? गुडघा तरी टेकला का?"

"माय, ते कुस्तीत असते! हे बॉक्सिंग हाय. याच्यात पॉइंट असते."

"ते पंचाईचं. अट माही होती. माह्या अटीत पॉइंट नव्हते."

हे चहा पीत होते. बशी खाली ठेवली आणि न्यायाधीशासारखे म्हणाले, "बराबर हाय. पाठ नाई लागली. डाव बरोबरीत सुटला." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाचं इतकं प्रेम मला कधी आलं नव्हतं!

पोरगी स्टुलावर उभ्या उभ्या हसायला लागली. हसता हसता जी रडायला लागली ती थांबेना. खाली उतरवून जवळ घेतलं. मग नवी अट घातली. "डोकं दुखलं, चक्कर आली, काही झालं, तं पयले मले सांगाचं. लपवलं तं खरंच माळ्यावर."

"सांगीन. आईशप्पथ!"

"माहीच शपथ मलेच?"

अर्ध्या तासात धबाधब सुरू. गाय बसली निवांत रवंथ करत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तोरणाचं काय करावं? चार दिवस हाच घोळ. पोरीला सांगून बसले की तू हरली नाहीस. मग नवस फळला कुठे? नारळ वाचले! पण मारोती स्वतः पैलवान. त्याला मी पाठ लागण्याचा कायदा काय शिकवणार? मी हार मागितली तेव्हा हार म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

गेले. अकरा नारळांचं तोरण बांधलं आणि त्याला चांगलं खडसावलं. पाऊस मागितला तेव्हा ऐकलं नाहीस, मेथीला भाव मागितला तेव्हा ऐकलं नाहीस, हेच बरं ऐकलंस!

पुढच्या वर्षी जिंकू दे, म्हणून हात जोडत होते. सोडले. नकोच. तिचं ती बघेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

मारोतीचे पुजारी बाजारात वांगी घ्यायला आले होते. म्हणाले, "सोमवारी पोरीनं नारळ वाहिला, काल तुमी तोरन बांधलं. जोरात हाय तुमचं!"

घरी येऊन तिला विचारलं. "हारली तरी नवस कायचा फेडला वं?"

"जिंकाचा नवस बोललीच नव्हती मी. माय एक डाव तरी पाहाले येऊ दे, एवढंच मांगलं होतं." मग हसली. "तू कायचा फेडला?"

मी प्रसादाचं खोबरं किसायला घेतलं.