बाबांचं हॉलबाख

माबेला, मस्कत
११ नोव्हेंबर २०१४

तीर्थरूप बाबांना शिवांगीचा साष्टांग नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. फोन असताना हिला पत्राचं काय खूळ लागलं, असं तुम्ही आईला विचारणारच. तर फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांच्या पुढे बोलू देता का? "बरं बरं, घे, आईशी बोल" म्हणता आणि सुटता.

जितेशचं ऑफिस अल् खुवैरलाच आहे. रोजचं गाडीतलं जाणं-येणं आणि रोजची कुरकुर चालू आहे. आकांक्षा शाळेत इंग्रजी फाडते आणि घरी मराठी अडखळत बोलते. काल म्हणाली, "आजोबा कधी येणार आहे?" मी म्हटलं, "अगं, येणार आहेत म्हण." तर म्हणे, "एकच तर आजोबा आहे!" घ्या.

तुम्ही विचारलंय, दुकानाकडे असलेल्या हॉलबाख पिस्तुलांच्या एजन्सीवर आता माझं नाव लावायचं का. डिसेंबरात त्यांचा माणूस कोल्हापूरला येईल तेव्हा त्याला सांगायचंय, हे लक्षात आहे. त्या प्रश्नाकडे येतेच. आधी नेमबाजी क्लबातली गंमत ऐका.

मुलींच्या संघासाठी नवी एअर पिस्तुलं घ्यायची ठरली. आमचे क्लबप्रमुख रशीदसाहेब मला म्हणाले, "कोच, कोणती घेऊ?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, हॉलबाख! ते म्हणाले, "ते नाव माझ्या वडिलांच्या वेळचं. हल्ली सगळे टोर्सेलचं नाव घेतात. हॉलबाख मागे तर नाही ना पडली?"

माझं डोकंच फिरलं. शाळेपासून ज्यांचं पिस्तूल धरलं, ज्यांच्या नावावर आपलं दुकान उभं राहिलं, त्यांना हे असं बोलणार? मी नाक वर करून म्हटलं, "टोर्सेल कालची पोरं आहेत. हॉलबाखचा ट्रिगर मी डोळे बांधूनसुद्धा ओळखीन."

माझ्या मुलींत रय्या नावाचं एक कार्टं आहे. हिंदी सिनेमे बघून बघून आपल्यापेक्षा फर्डं हिंदी बोलते. ती लगेच पुढे. "मॅडम, तो फिर बाँध दूँ?"

आता माघार कशी घेणार? तिनं एका ओढणीनं माझे डोळे करकचून बांधले. दुसऱ्या मुलींनी नमुन्यादाखल आलेल्या तीन पिस्तुलांना काळी टेप गुंडाळली, मुठींनासुद्धा, म्हणजे हाताला काहीच कळू नये. छर्रा न घालता नुसता ट्रिगर ओढायचा आणि हॉलबाख कोणतं ते सांगायचं, एवढंच.

पहिलं हातात घेतलं. ट्रिगर गुळगुळीत, पण गुळमुळीत. कुठं सुरू होतो, कुठं संपतो, पत्ता नाही. म्हटलं, हेच ते टोर्सेल. दुसरं घेतलं आणि बाबा, अंगावर काटा आला. सुरुवातीचा मऊ टप्पा, मग ती भिंत, आणि भिंतीला बोट टेकून नुसतं राहायचं, की आपल्याला कळायच्या आत सुटतं. माझ्या बोटावर तुमचं बोट ठेवून तुम्ही शिकवलंत ना, अगदी तेच. तिसऱ्याला मी हातसुद्धा लावला नाही. छाती ठोकून म्हटलं, "हेच हॉलबाख! लावा पैज!"

रय्यानं टेप सोलली. टोर्सेल निघालं. आणि ते गुळमुळीत म्हणजे हॉलबाखचं यंदाचं नवं मॉडेल.

पोरी अशा काही हसल्या की विचारू नका. रशीदसाहेब बिचारे सभ्य गृहस्थ, त्यांनी दुसरीकडे बघत कहवा मागवला. मीही हसले. पण गाडीत बसल्यावर रडू आलं. खरंच रडले. वाटलं, एवढी वर्षं मला काय कळत होतं मग?

पण मी तुमची मुलगी, रडून गप्प बसते होय! शुक्रवारी सुट्टी होती. दोन्ही पिस्तुलं रीतसर परवानगी काढून घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर खोलून बसले. जितेशनं ताट मांडीवर घेऊन पोहे खाल्ले. टोर्सेलचा ट्रिगर उघडला तर आत आपलं जुनं हॉलबाख! तीच मांडणी, प्रत्येक टप्प्याला वेगळा स्क्रू, हवं तसं बोटाला बसवून घ्या. आणि नव्या हॉलबाखमध्ये? एक बंद डबी. उघडायची सोय नाही, बसवायची सोय नाही.

मग टोर्सेलच्या इथल्या माणसाला फोन लावला. त्यानं सरळ सांगितलं. हॉलबाखनं स्वतःचं ट्रिगरचं खातं बंद केलं, सुटे भाग बाहेरून घ्यायला लागले, आणि त्या खात्यातले जुने कारागीर टोर्सेलनं बोलावून घेतले. म्हणजे माझं बोट चुकलंच नव्हतं, बाबा. मी ओळखलं ते बरोबरच होतं. तुमचं हॉलबाख आता हॉलबाखवाले बनवत नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी रशीदसाहेबांना जाऊन म्हटलं, टोर्सेल घ्या. ते म्हणाले, "खलास." म्हणजे इथल्या बोलीत, ठरलं! ऑर्डर गेली.

आता तुमच्या प्रश्नाचं. आईला सांगा, कांदा-लसूण मसाला संपत आलाय, कुणी येणार असेल तर... नाही, टाळत बसत नाही. सांगूनच टाकते.

हॉलबाखच्या एजन्सीवर माझं नाव लावू नका. आणि दुसरं म्हणजे, टोर्सेलच्या माणसाला मी विचारलं, महाराष्ट्रात तुमचं कोण आहे? म्हणाला, कोणी नाही. मी म्हटलं, आहे, कोल्हापूरला. आपल्या दुकानाचं नाव सांगितलं, तुमचंही सांगितलं. जानेवारीत तो तुम्हाला भेटायला यायला तयार आहे. हे सगळं तुम्हाला न विचारता केलं. तुम्ही हो म्हणाल याची खात्री होती म्हणून नव्हे. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता, म्हणून.

रागावा. पण त्याआधी एक सांगा. मे महिन्यात मी दुकानात होते, तेव्हा कागलची ती मुलगी वडिलांबरोबर आली होती. नवं हॉलबाख काचेच्या कपाटात समोर होतं. तुम्ही ते काढलंच नाही. आतून स्वतः दुरुस्त केलेलं जुनं आणून तिच्या हातात दिलंत. म्हणालात, "नवं तुला जड जाईल." मी दोन्ही उचलून पाहिली होती. नवं हलकं होतं.

नव्यात काय बिघडलंय ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? तुमचं हॉलबाखवाल्यांवर प्रेम आहे, ते मला कळतं. त्यांनी तुम्हाला तरुणपणी कारखान्यात नेऊन शिकवलं, घरच्यासारखं वागवलं. डिसेंबरात त्यांचा माणूस आला की त्याला जेवू घाला, तांबडा-पांढरा होऊ द्या, सगळं मानानं करा. आणि मग नाही म्हणा. तुमच्या तोंडून निघत नसेल तर मला कळवा. मी रजा काढून येते आणि तुमच्या शेजारी बसून मी म्हणते.

पुढच्या वर्षी जितेशचं इथलं काम संपतं. त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडायला मी येणार आहे. गिऱ्हाइकापासून नवं पिस्तूल लपवावं लागणार नाही असं दुकान मला हवंय, आणि ते तुमच्याबरोबर हवंय. आईला नमस्कार.

एजन्सीच्या आडून तुम्ही खरं जे विचारलंत, मी दुकानात येणार का, त्याला माझं उत्तर हो आहे. हॉलबाखची नाही, तुमची भागीदार,

शिवांगी