धुऱ्यावरचा संप

हिंगणीजवळ, आईच्या घरी,
२२ डिसेंबर १९८५

प्रिय गुलाब,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? नसलंस ओळखलं, तर पत्र उलटं करून आधी सही बघू नकोस, सरळ वाचत ये. तू पुस्तकंसुद्धा शेवटच्या पानापासून वाचायचास. मी जयवंता. बल्लारपूरचा तुझा पत्ता रूपरावने मागेच दिला, तिथे कामगारांचे खटले चालवतोस हेही त्यानेच सांगितलं. तो आता वर्ध्याला बँकेत आहे आणि चांगलं पोट सुटलंय त्याचं. मी केळझरच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते, शनिवारी दुपारची बस धरून हिंगणीच्या अलीकडे आमच्या गावी आईकडे जाते. त्या गावात तुझं नाव कालपर्यंत कुणी चांगल्या तोंडाने घेत नव्हतं, हे तुला ठाऊक आहेच. ते का घेत नव्हते, याची खरी गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. ती पूर्ण मला एकटीलाच ठाऊक होती, आणि सात वर्षं मी ती गिळून बसले. आता सांगते.

एकोणऐंशी सालच्या जानेवारीतल्या आपल्या सभेचे ते दोन दिवस मला अजून पहाटेच्या अर्धवट झोपेत दिसतात. संक्रांत नुकतीच झालेली. कॉलेजच्या आवारात इतकं धुकं, की फाटकातून येणारी माणसं आधी नुसती शालीच दिसायची, मग शालीत माणूस उगवायचा. पुण्याचे आले, मुंबईचे आले, नागपूरचे तर सायकलींसकट आगगाडीने आले. हॉलमध्ये उन्हाचे लांब पट्टे, त्यात जिनिंगच्या कारखान्याकडून उडत आलेली कापसाची तुसं तरंगत असायची, आणि त्या तुसांतून क्रांतीवर भाषणं चाललेली. मी भिंतीला टेकून बसायचे आणि वाटायचं, हे खरंच आपल्या वर्ध्यात चाललंय?

किती राबला होतास तू त्यासाठी! प्रिन्सिपॉल साहेबांनी तीनदा परत पाठवलं. शेवटी अर्जावरचा सभेचा विषय 'क्रांतीचा मार्ग' खोडून 'सामाजिक परिवर्तन : एक चिंतन' लिहिलं तेव्हा कुठे त्यांनी हॉलची किल्ली दिली, तीही बिडी ओढायची नाही या अटीवर. फलकासाठी लाल कापड तू वडिलांच्या दुकानातून आणलंस आणि त्यांना सांगितलंस की देवीच्या मंदिरासाठी हवंय. बिचाऱ्यांनी वर नारळही दिला. तो नारळ आपण पोहे करताना किसून घातला आणि पुण्याच्या सरांनी दोनदा मागून खाल्ले. 'तू' म्हणायलाही तूच शिकवलंस. कॉम्रेडला कोणी 'तुम्ही' म्हणतं का, असं रागावून म्हणाला होतास. मला तर घरातल्या लहान भावाशिवाय कोणत्याच पुरुषाला अरे-तुरे करायची सवय नव्हती. आठवडाभर मी तुझ्याशी क्रियापदंच टाळून बोलत होते.

आणि मला निबंध वाचायला लावलास, 'शेतमजूर स्त्री आणि लढा'. तुझ्या त्या सगळ्या यादीत कापूस वेचणीला गेलेली मी एकटीच होते. पहिला खर्डा मी खराच लिहिला होता रे. वेचणीचा दर, काट्यावरची लबाडी, कमरेला बांधलेल्या ओटीचं ओझं, लेकराला झाडाखाली निजवून जाणं. तू वाचलास आणि म्हणालास, चांगलं आहे, पण यात लढा कुठे आहे? नागपूरचा तो दाढीवाला म्हणाला, हे तर नुसतं रडगाणं झालं. मला इतकं लागलं ते. हॉस्टेलवर जाऊन मी पक्का खर्डा केला, आणि त्यात लिहिलं की आमच्या गावच्या अण्णाजींच्या शेतात चाळीस बाया सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहिल्या, मालकाने विनवण्या केल्या तरी कापसाला हात लावला नाही, आणि तीन दिवस हे चाललं.

गुलाब, बाया बसल्या होत्या हे खरं आहे. अण्णाजी विनवत होते हेही खरं. पण त्या बसल्या होत्या दवासाठी. हिवाळ्यात सकाळी बोंडांवर दव असतं, ओला कापूस वेचला तर तो काळवंडतो आणि खरेदीत कोणी घेत नाही, म्हणून दव उतरेपर्यंत बाया धुऱ्यावर शेकोटी करून बसतात. त्या वर्षी दव फार पडलं. अण्णाजींना गाडी भरायची घाई होती, म्हणून ते 'बसू नका वो बायांनो, लागा हाताले' म्हणून मागे लागले होते. एवढाच तो संप! तू कापडवाल्याचा मुलगा, तुला दव काय माहीत? पुण्या-मुंबईच्यांना तर बोंड कसं दिसतं तेही माहीत नव्हतं. रूपराव तेवढा शेतकऱ्याचा. निबंध संपल्यावर त्याने माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला आणि गप्प बसला. त्याचं ते गप्प बसणं मी उपकार समजले.

मग काय झालं ते तुला आठवतच असेल. दोन दिवस सगळी सभा त्या धुऱ्यावरच बसली. संप उत्स्फूर्त होता की जाणिवेतून आला होता? बायांनी नेतृत्व केलं की नुसता पाठिंबा दिला? मुंबईचे आणि नागपूरचे रविवारी दुपारी एकमेकांच्या अंगावर धावले, तू मध्ये पडलास, तुझ्या सदऱ्याची बाही फाटली. आणि मी खोटी बाई त्या सगळ्यात अशी बसले होते जणू लग्नातली नवरी. सगळे माझ्याकडे वळून बोलत होते. आवडलं मला ते. लाज वाटते सांगायला, पण फार आवडलं.

एक गोष्ट मी त्याआधी तुला सांगितली होती. गावात बोलावणं करायला गेले तेव्हा बाया म्हणाल्या होत्या, शनिवार-रविवार आम्हाला जमणार नाही. आई तर हसलीच. "रविवार तं मास्तर लोकायचा असते वो. आमची सुट्टी बाजाराची. मंगळवारी येतो आमी, म्हणजो तुह्या मंडळीले." मी तुला म्हटलं, मंगळवारी ठेवू या का? तू म्हणालास, पाहुण्यांची रिझर्व्हेशनं झाली आहेत. शेतमजुरांसाठी सभा भरवली आणि एकाही शेतमजुराला ज्या दिवशी येता येत नाही तो दिवस धरला! आज हसू येतं. तेव्हा तुझा राग आला, आणि आतून, खरं सांगू, सुटकाही वाटली. म्हटलं, येणार नाहीत ते बरं.

पण त्या आल्या. मंगळवारी, म्हणाल्या होत्या तशा. आपल्याला वाटतं गरीब माणूस तोंडदेखलं 'येतो' म्हणतं. त्यांनी बाजार बुडवला आणि पहिल्या मोटरने आल्या. तू गाडीवाल्याबरोबर सतरंज्या परत करायला गेला होतास. पुण्याचे सर एकटे मागे राहिले होते, वाचनालयात मला समोर बसवून त्या संपाची माहिती उतरवून घेत होते, छापणार होते ते. मला पुण्याला बोलायला न्यायचं म्हणत होते. तेवढ्यात चौकीदार बंडूजी दारात आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या गावच्या बाया आल्या हायेत फाटकापाशी. तुमची माय बी हाये." सरांच्या कानावर गेलं तर ते त्यांना आत बोलावणार, संपाबद्दल विचारणार, आणि माझी आई हसून सांगणार की दव होतं म्हणून बसलो. मी बंडूजींना व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं, सांगा त्यांना, सभा संपली, कमिटीने कोणाला आत घेऊ नका म्हटलंय. बंडूजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गेले.

कमिटी म्हणजे तू होतास, गुलाब.

मी खिडकीतून पाहत राहिले. धुकं विरत होतं, त्यात त्यांची हिरवी, जांभळी, बाजाराची लुगडी एकेक उमटत होती, चित्रासारखी. आईने पायात वहाणा घातल्या होत्या. आई वहाणा फक्त लग्नाला घालते. कडुनिंबाखाली त्या बराच वेळ बसल्या, उठल्या, हरभऱ्याच्या सोल्यांचं, ओल्या दाण्यांचं, एक गाठोडं बंडूजींजवळ ठेवून गेल्या. आत सर मला विचारत होते, दुसऱ्या दिवशी बायांची संख्या वाढली का? मी म्हटलं, वाढली.

पुढचं तुझ्या बाजूने तुला माहीत आहे, माझ्या बाजूने ऐक. महिन्याभराने तू आमच्या गावात मजुरांची संघटना बांधायला गेलास आणि बायांनी पाठ फिरवली. "तुमच्या कालेजात आमाले फाटकाच्या आत बी नाई घेतलं, आता काऊन आले?" तू परत येऊन बंडूजींना विचारलंस, कोणी सांगितलं होतं? ते खाली मान घालून उभे राहिले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, का ते मी त्यांना कधी विचारू शकले नाही. आपल्यातल्या दोघा-तिघांनी त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहायला घेतला, तेव्हा तू तो फाडलास, पुन्हा गावात गेलास आणि चावडीसमोर हात जोडून म्हणालास की निरोप मीच दिला होता. एका चौकीदाराची नोकरी वाचावी म्हणून! आईने मला विचारलं, तू कुठं होती? मी म्हटलं, फॉर्म भरायले नागपूरले गेलती. त्यानंतर गावाने तुला वेशीच्या आत येऊ दिलं नाही, नि तू वर्धाच सोडलंस. माझं पुण्याचं भाषण झालं, बरं का. टाळ्या पडल्या. मी परत येताना गाडीत रडले आणि पुन्हा कधी व्यासपीठावर चढले नाही.

आता आजची बातमी. आमच्या गावात संप झालाय. खरा. वेचणीचा भाव वाढवा म्हणून बाया आठवड्यापासून शेतात गेल्या नाहीत. दुपार झाली, दव केव्हाच उतरलं, ऊन तापलं, तरी धुऱ्यावर बसून आहेत. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं आणि तिथेच वाटेवर बसले. अण्णाजी आणि बाकीचे शेतकरी ३१ तारखेला, मंगळवारी, बोलणी करायला तयार झालेत. बायांना त्यांच्या बाजूने कायदा जाणणारं माणूस पाहिजे. काल आईच्या अंगणात बैठक होती. कोणीतरी म्हणालं, कॉलेजातला एखादा शिकलेला आणा. आई म्हणाली, "कोणी बी आना, पन तो गुलाब नको." आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं सगळं. सभा, निबंध, दव, खिडकी, सगळं. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आई उठून आत गेली. रात्री भाकर वाढली आणि तशीच उठून निजायला गेली.

आज सकाळी बायांनीच ठरवलं की हे सगळं तुला लिहायचं, जसंच्या तसं, आणि टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवायचं. म्हणून लिहिलं. मघाशी चाळीस जणींसमोर वाचलं. माझा आवाज दोनदा गेला, दोन्ही वेळा रुख्माबाईने पाणी दिलं आणि म्हणाली, वाच पुढं. आई दाराशी पाठ करून बसली होती. वाचून झाल्यावर ती न वळता म्हणाली, "त्याच्यात माह्या नावानं लिव, यशोदाबाईनं बोलावलं हाये म्हना. माफी आमी मांगू त्याले. तू तुही मांगजो." तेव्हा ये, गुलाब. एकतीसला सकाळी. माफी मी मागतेच आहे, पण ती देण्यासाठी येऊ नकोस, या बायांसाठी ये.

आणि हे खालचं मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. सोमवार आहे, केळझरच्या पोस्टात उभी राहून लिहिते आहे, मागे लोक खोळंबलेत. तुझं लग्न झालं का, हे रूपरावला विचारायचं मला धाडस झालं नाही. तू वर्धा सोडलंस त्या दिवशी स्टेशनवर मला विचारलं होतंस, येतेस का माझ्याबरोबर, आणि गाडी सुटेपर्यंत मी चहावाल्याकडे पाहत राहिले. तुला वाटलं असेल, गावासारखी हीसुद्धा फिरली. नाही रे. माझं उत्तर 'हो' होतं. माझ्या खोट्याचा भार डोक्यावर घेऊन जाणाऱ्या माणसाला त्याच तोंडाने ते कसं देऊ, एवढंच कळलं नाही.

तुझीच, तेव्हाही आणि आत्ताही,
जयवंता